वर्गाकृती

वस्तुलक्षी पद्धतीने (माहिती व तिच्यावर करावयाच्या क्रिया यांची एकत्र गुंफण करून त्यांना एक ‘वस्तू’ मानण्याच्या पद्धतीने) रचलेल्या संगणकीय आज्ञावलीत कोणते वर्ग आहेत, प्रत्येक वर्गातील वस्तूंचे गुणधर्म व क्रिया कोणत्या आणि या वर्गांचे परस्परसंबंध कसे आहेत, हे चौकटी व रेषा यांच्या साहाय्याने दर्शविणारी आकृती. इंग्रजीत ती ‘क्लास डायग्राम’ या नावाने ओळखली जाते. आज्ञावली चालू असताना कोणती क्रिया कोणत्या क्रमाने घडते, हे वर्गाकृतीत दाखवीत नाहीत. ज्या व्यवहाराविषयी आज्ञावली लिहावयाची असते त्यात कोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत व त्या एकमेकींशी कशा निगडित आहेत, एवढेच तीवरून समजते.

वर्गाकृतीची तुलना पुष्कळदा इमारतीच्या आराखड्याशी केली जाते. परंतु ती काही अंशीच बरोबर आहे. आराखडा कागदावरचा आणि इमारत दगडविटांची असते. वर्गाकृती व आज्ञावली ही दोन्ही मात्र वर्णनेच होत. एक चित्ररूप व दुसरे शब्दरूप. आज्ञावलीच्या संहितेत सर्व तपशील असताना दुसऱ्या वर्णनाची आवश्यकता काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो व तो या विषयाच्या सबंध इतिहासात पुनःपुन्हा पुढे आलेला दिसतो. आकृती आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी आहे, यंत्रासाठी आहे, की ज्यांचे काम त्या आज्ञावलीवर अवलंबून राहणार त्यांच्यासाठी आहे, याची वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे देण्यात आली आणि त्यांनुसार वर्गाकृतीचे स्वरूप व तिची प्रतिष्ठा यांत बदल होत गेला.

स्वरूप : सार्वजनिक ग्रंथालयातील देवघेवीच्या उदाहरणावरून वर्गाकृतीची कल्पना येऊ शकेल. ‘पुस्तक’ असा एकच वर्ग कल्पून त्याला शीर्षक, लेखक, दाखल क्रमांक आणि ‘सध्या कोणाकडे आहे’ असे गुणधर्म दिले, तर सकृद्दर्शनी काम भागते. परंतु एकाच कादंबरीच्या तीन प्रती घेतल्या की अडचण उद्‌भवते. शीर्षक व लेखक तिन्ही प्रतींचे एकच असतात. दाखल क्रमांक मात्र प्रत्येकीचा निराळा असतो आणि सभासद घरी नेतो ती एक विशिष्ट प्रत असते. म्हणून ‘ग्रंथ’ व ‘प्रत’ असे दोन वर्ग करावे लागतात. त्याचप्रमाणे देवघेव ही सभासद व प्रत यांना जोडणारी केवळ रेषा न राहता, दिल्याची तारीख व परतीची तारीख असे स्वतःचे गुणधर्म असलेला आणखी एक वर्ग बनते. नित्याच्या बोलण्यात ‘पुस्तक’ या एका शब्दात दडून राहिलेला भेद आकृती काढताना उघड होतो. वर्गाकृतीचे मुख्य प्रयोजन हेच होय.

प्रचलित चिन्हपद्धतीनुसार वर्ग आयताकृती चौकटीने दाखवितात. चौकटीचे आडव्या रेषांनी तीन कप्पे करून वरच्या कप्प्यात वर्गाचे नाव, मधल्या कप्प्यात गुणधर्म व खालच्या कप्प्यात क्रिया लिहितात. दोन वर्गांतील साध्या संबंधास साहचर्य म्हणतात व तो सरळ रेषेने दर्शवितात. रेषेच्या टोकांशी संख्यामर्यादा लिहितात : ‘१’ म्हणजे नेमकी एक, ‘०..१’ म्हणजे एकही नाही किंवा फार तर एक आणि ‘०..*’ म्हणजे कितीही. वरील उदाहरणात प्रत्येक प्रत नेमक्या एका ग्रंथाची असते, तर एका ग्रंथाच्या कितीही प्रती असू शकतात. एखादा वर्ग दुसऱ्याचा विशेष प्रकार असल्यास (उदा., आजीव सभासद हा सभासदाचा एक प्रकार) उपवर्गापासून जनकवर्गाकडे जाणारी व टोकाशी पोकळ त्रिकोण असलेली रेषा काढतात. या संबंधास वारसा असे म्हणतात. कारण जनकवर्गाचे गुणधर्म व क्रिया उपवर्गास आपोआप प्राप्त होतात. संपूर्ण वस्तू व तिचा भाग यांच्यातील संबंध दाखविताना संपूर्ण वस्तूच्या बाजूस हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह काढतात. भागाचे अस्तित्व संपूर्ण वस्तूवर अवलंबून असल्यास ते भरीव, एरवी पोकळ असते.

पूर्वपीठिका : आज्ञावलीचे चित्र काढण्याची प्रथा आधुनिक संगणकाइतकीच जुनी आहे. हर्मन गोल्डस्टाइन व जॉन फोन नॉयमान यांनी संगणकावर गणिते मांडण्याच्या रीतीविषयी १९४७ मध्ये लिहिलेल्या अहवालात प्रवाह आकृतीचा उपयोग केला होता. पुढील दोन दशके आज्ञावलीचे चित्र म्हणजे प्रवाह आकृती, असेच समीकरण रूढ होते. ‘यानंतर काय करावयाचे’ या प्रश्नाचे उत्तर प्रवाह आकृती देते. ‘कशाविषयी’ हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. आकडेमोड हेच संगणकाचे प्रमुख काम होते तोवर ही उणीव फारशी जाणवली नाही. १९६० नंतर मालाचा साठा, ग्राहकांच्या मागण्या, खात्यांवरील जमाखर्च अशा नोंदी मोठ्या प्रमाणावर संगणकावर ठेवण्यात येऊ लागल्या, तेव्हा नोंदींच्या रचनेचेच चित्र काढण्याची गरज निर्माण झाली.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत असताना चार्ल्स बाखमन (१९२४–२०१७) यांनी नोंदी साठविण्याची एक एकात्म व्यवस्था तयार केली होती. एका प्रकारच्या नोंदींसाठी एक चौकट आणि ‘एकाशी अनेक’ या संबंधासाठी बाण अशी चित्रपद्धती त्यांनी वापरली व १९६९ मध्ये तीवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये त्यांना संगणकविद्येतील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. यानंतर पीटर चेन यांनी १९७६ मध्ये घटक-संबंध प्रतिमान मांडले. त्यात घटक आयताने, त्यांच्यातील संबंध हिऱ्याच्या आकाराच्या चौकोनाने आणि संबंधाची संख्या रेषेजवळच्या अंकाने अगर अक्षराने दाखविलेली असे. आजच्या वर्गाकृतीतील साहचर्य व संख्यामर्यादा यांचे मूळ या आकृत्यांत आहे. मात्र त्यांत केवळ नोंदी होत्या. नोंदींवर करावयाच्या क्रियांना त्यांत स्थान नव्हते.

वर्ग या संकल्पनेचा उदय : ज्या संकल्पनेमुळे नोंद व क्रिया एकत्र आल्या, ती याच सुमारास परंतु अगदी वेगळ्या ठिकाणी जन्मास आली. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात क्रिस्टेन न्यूगॉर (१९२६–२००२) व ओले-योहान डाल (१९३१–२००२) हे सदृशीकरणासाठी (प्रत्यक्ष व्यवस्थेच्या वर्तनाची संगणकावर नक्कल करण्यासाठी) एक भाषा तयार करीत होते. सिम्यूला नावाची ही भाषा १९६५ पर्यंत युनिव्हॅक ११०७ या संगणकावर वापरण्याजोगी झाली. रांगेत उभी असलेली गिऱ्हाइके, कारखान्यातील यंत्रे, बंदरात येणारी जहाजे यांचे वर्णन करता यावे, हा तिचा उद्देश होता. व्यवस्थेचे वर्णन व संगणकासाठीची आज्ञावली या दोन्ही गरजा एकाच भाषेने भागवाव्यात, अशी तिच्या कर्त्यांची अपेक्षा होती.

भाषेचा वापर होऊ लागल्यावर एक अडचण ध्यानात आली. पथकराच्या नाक्यापाशी उभ्या असलेल्या रांगेत मालमोटारी, बसगाड्या व खाजगी मोटारी अशी निरनिराळी वाहने असतात. रांगेपुरता विचार केला तर ती सर्व सारखीच असतात. परंतु प्रत्येक प्रकारच्या वाहनाला स्वतःचे काही खास गुणधर्मही असतात. जे समान आहे ते एकदाच लिहावे व जे वेगळे आहे तेवढ्याचीच भर घालावी, यासाठी सोय नव्हती. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये नोंदींच्या हाताळणीविषयी मांडलेल्या कल्पनांचा या विचारास उपयोग झाला आणि एका वर्गाच्या वर्णनाला दुसऱ्याचे वर्णन उपसर्गाप्रमाणे जोडण्याची युक्ती डाल व न्यूगॉर यांना सुचली. वर्ग, उपवर्ग व वस्तू या संकल्पनांवर आधारलेली सिम्यूला ६७ ही नवी भाषा त्यांनी मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळील लिसेबू येथे भरलेल्या परिषदेत मांडली. या कार्याबद्दल दोघांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

न्यूगॉर यांच्या पुढील कार्यामुळे या संकल्पनेला एक सामाजिक परिमाणही लाभले. कारखान्यात संगणक आल्यावर काम कसे चालावे, हे आज्ञावली लिहिणारे व व्यवस्थापक ठरवितात. ज्यांना ते काम करावयाचे त्यांना मात्र त्या वर्णनाचा अर्थही लागत नाही, ही गोष्ट त्यांना खटकत होती. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी नॉर्वेतील लोखंड व धातू उद्योगातील कामगार संघटनेबरोबर काम केले. १९७५ मध्ये तेथील कामगार संघटनांचा महासंघ व मालकांचा संघ यांच्यात झालेल्या करारात संगणकीय व्यवस्थांविषयीची माहिती तज्ञ नसलेल्यांनाही समजेल अशा रीतीने देण्याचे तत्त्व मान्य करण्यात आले. व्यवस्थेचे वर्णन यंत्राइतकेच माणसांनाही वाचता आले पाहिजे, हा विचार वर्गाकृतीच्या आधीपासूनच वर्ग या संकल्पनेशी असा जोडला गेला होता.

भाषांचा प्रसार : सिम्यूलाचा वापर मर्यादित राहिला, तिच्यातील विचार मात्र इतर भाषांत पसरले. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९७२ पासून स्मॉलटॉक ही भाषा विकसित केली. तीत संख्येपासून पडद्यावरील खिडकीपर्यंत प्रत्येक गोष्ट वस्तूच मानली होती आणि वस्तू एकमेकींना संदेश पाठवून काम करून घेत. बयार्न स्ट्रॉउस्ट्रुप यांनी केंब्रिज येथे विद्यार्थी असताना सिम्यूला वापरली होती. बेल प्रयोगशाळेत गेल्यावर त्यांनी १९७९ मध्ये सी या वेगवान भाषेला वर्गांची जोड देण्यास प्रारंभ केला. या नव्या भाषेस १९८३ मध्ये सी++ हे नाव मिळाले व १९८५ मध्ये ती बाजारात आली. तिच्यामुळे वस्तुलक्षी पद्धती प्रयोगशाळेतून उद्योगधंद्यांत पोहोचली.

अशा रीतीने १९८५ च्या सुमारास दोन प्रवाह शेजारी वाहत होते. एकात चित्रे होती पण क्रिया नव्हत्या; दुसऱ्यात क्रियांसह वर्ग होते पण त्यांचे सर्वमान्य चित्र नव्हते. आज्ञावलीतील वर्गांची संख्या शेकड्यांत जाऊ लागली, तेव्हा केवळ संहिता वाचून तिची रचना ध्यानी येणे कठीण झाले आणि हे दोन प्रवाह एकत्र येणे अपरिहार्य ठरले.

पद्धतींचा सुकाळ : १९८८ ते १९९४ या काळात वस्तुलक्षी विश्लेषणाच्या अनेक पद्धती पुढे आल्या. सॅली श्लेअर व स्टीव्हन मेलर यांचे पुस्तक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात घटक-संबंध प्रतिमानाची छाप स्पष्ट होती. पीटर कोड व एड्वर्ड योर्डन यांनी १९९० मध्ये आपली पद्धती मांडली. ग्रेडी बूच (जन्म १९५५) यांच्या १९९१ मधील ग्रंथात वर्ग तुटक रेषेच्या ढगासारख्या आकाराने दाखविलेले होते. वर्गाच्या सीमा प्रारंभी अस्पष्टच असतात, हे या आकारातून चांगले सूचित होई. पण हाताने असे ढग काढणे त्रासाचे होते. त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन केंद्रातील जेम्स रम्बॉ (जन्म १९४७) व त्यांचे चार सहकारी यांनी ओएमटी ही पद्धती प्रसिद्ध केली. तीत वर्गासाठी साधी चौकट, वारशासाठी त्रिकोण आणि संपूर्ण व भाग यांच्यातील संबंधासाठी हिरा ही चिन्हे होती. आजची वर्गाकृती प्रामुख्याने या पद्धतीची वारसदार आहे. स्वीडनमधील इव्हार याकोबसन (जन्म १९३९) यांनी १९९२ मधील ग्रंथात वर्गांच्या आधी वापरणाऱ्याच्या कामांची उदाहरणे लिहून काढण्यावर भर दिला.

याच्या अगदी उलट टोकाची एक रीत केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये सुचविली. ग्रंथालयातील सूचिपत्रांसारखी जाड कागदाची पत्रे घ्यावीत, प्रत्येक पत्रावर एका वर्गाचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या व त्याचे सहकारी वर्ग लिहावेत आणि टेबलाभोवती बसून ती पत्रे हातात घेऊन कामाचा ओघ तोंडी करून पाहावा, असे तिचे स्वरूप होते. पत्र लहान असल्यामुळे वर्गावर जास्त जबाबदाऱ्या लादता येत नसत, हा तिचा एक गुणच होता.

या सुकाळाचा त्रासही होऊ लागला. एकाच अर्थासाठी निरनिराळी चिन्हे आणि एकाच चिन्हाचे निरनिराळे अर्थ रूढ झाल्यामुळे एका पद्धतीत शिकलेल्यास दुसरीतील आकृती वाचता येईना. प्रत्येक पद्धतीचे अनुयायी आपलाच पक्ष हिरीरीने मांडीत. आकृती काढून देणारी साधने विकणाऱ्या कंपन्यांनाही कोणती पद्धती टिकेल याचा अंदाज येत नव्हता. त्याच वेळी चांगल्या चिन्हपद्धतीचे मोल दाखवून देणारी एक गोष्ट घडली. १९९४ मध्ये एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्हिलिसिडीस यांचा आज्ञावलींतील पुनःपुन्हा उपयोगी पडणाऱ्या २३ रचनांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात रचना समजावून देण्यासाठी ओएमटीवर आधारित वर्गाकृतींचा उपयोग केला होता. सी++ व स्मॉलटॉक या दोन अगदी भिन्न प्रकृतींच्या भाषांतील रचना एकाच चित्राने सांगता येते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

एकीकरण : ऑक्टोबर १९९४ मध्ये रम्बॉ हे बूच काम करीत असलेल्या रॅशनल या कंपनीत दाखल झाले आणि दोघांनी आपल्या पद्धती एकत्र करण्यास प्रारंभ केला. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांनी एकीकृत पद्धतीचा पहिला मसुदा जाहीर केला. त्याच सुमारास याकोबसन त्यांना येऊन मिळाले. सर्वांना मान्य होईल अशी कार्यपद्धती ठरविणे दुर्घट असल्याचे दिसून आल्यावर त्यांनी आपले उद्दिष्ट आवरते घेतले : आकृतीपर्यंत कसे पोहोचावे हे न सांगता ती कशी काढावी एवढेच ठरवावयाचे. त्यामुळे ‘पद्धती’ हा शब्द मागे पडून ‘भाषा’ हा शब्द आला व १९९६ मध्ये ‘एकीकृत प्रतिमान भाषा’ अर्थात यूएमएल हे नाव रूढ झाले.

संगणक उद्योगातील प्रमाणके ठरविण्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने १९९६ मध्ये प्रस्ताव मागविले. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल, ह्यूलेट-पॅकार्ड इ. कंपन्या या कामात सहभागी झाल्या. जानेवारी १९९७ मध्ये पहिली आवृत्ती सादर करण्यात आली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सुधारित १.१ ही आवृत्ती प्रमाणक म्हणून स्वीकारण्यात आली. तीत बूच यांचे ढग लुप्त झाले; ओएमटीतील चौकट, त्रिकोण व हिरा कायम राहिले; संख्या दाखविण्यासाठी ओएमटीत वापरली जाणारी भरीव व पोकळ वर्तुळे जाऊन तेथे आकडे आले. पुढे २००५ मध्ये या भाषेची १.४.२ ही आवृत्ती आंतरराष्ट्रीय प्रमाणक म्हणूनही मान्य झाली.

अर्थाविषयीचे वाद : चिन्हे ठरली तरी त्यांच्या अर्थाविषयी मतभेद राहिले. वारशाचा त्रिकोण हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. भूमितीनुसार प्रत्येक चौरस हा आयत असतो. म्हणून आयत जनकवर्ग व चौरस उपवर्ग, असे सहज सुचते. परंतु आयताची लांबी तेवढी बदलण्याची क्रिया आयतवर्गात असल्यास ती चौरसाकडेही वारशाने येते आणि ती केल्यावर चौरस चौरस राहत नाही. जनकवर्गाच्या वस्तूऐवजी उपवर्गाची वस्तू ठेवली असता आज्ञावलीच्या अपेक्षित वर्तनात फरक पडता कामा नये, हे तत्त्व बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मधील व्याख्यानात मांडले. केवळ ‘हा त्याचा प्रकार आहे’ असे बोलीभाषेत म्हणता आले, म्हणून आकृतीत त्रिकोण काढणे योग्य ठरत नाही, असा त्याचा इत्यर्थ आहे.

पोकळ हिऱ्याबाबत तर साध्या साहचर्याहून त्याचा वेगळा अर्थ नेमका कोणता, हे प्रमाणकातही काटेकोरपणे सांगितलेले नव्हते. तरीही तो सर्वांना हवासा वाटे. खुद्द रम्बॉ यांनीच त्याला रोग्याच्या समाधानासाठी दिल्या जाणाऱ्या, औषध नसलेल्या गोळीची उपमा दिली आहे.

विस्तार व ओहोटी : प्रमाणक मान्य झाल्यानंतर यूएमएलचा झपाट्याने प्रसार झाला. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत तिचा समावेश झाला आणि आकृतीवरून संहितेचा सांगाडा तयार करून देणारी साधने प्रचारात आली. २००१ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने प्रतिमानाधारित रचनेचा पुरस्कार केला. आकृती पुरेशी काटेकोर केल्यास संहिता लिहिण्याचे काम यंत्रावर सोपविता येईल, अशी त्यामागील कल्पना होती. पुणे येथील टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर (स्थापना १९८१) या केंद्रातही या दिशेने काम झाले आणि प्रतिमानावरून आज्ञावली तयार करणारी मास्टरक्राफ्ट ही साधनप्रणाली तेथे विकसित करण्यात आली. ठरावीक स्वरूपाच्या मोठ्या व्यावसायिक आज्ञावलींच्या बाबतीत अशा प्रयत्नांचा उपयोग झाला.

परंतु यंत्राला पुरेल इतकी काटेकोर आकृती माणसाला वाचण्यास अवघड होते, असा अनुभव सर्वत्र आला. २००५ मध्ये पूर्ण झालेल्या यूएमएल २.० या आवृत्तीत १३ प्रकारच्या आकृत्या होत्या; २०१७ मधील २.५.१ या आवृत्तीचे प्रमाणकपत्र सु. ८०० पृष्ठांचे आहे. दुसरीकडे, फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात जमलेल्या १७ तज्ञांनी विस्तृत कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या आज्ञावलीला अधिक महत्त्व देणारा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यांत बेक व कनिंगहॅम होते, तसेच आकृतीवरूनच आज्ञावली चालविता यावी असे म्हणणारे मेलरही होते. आधी सर्व आकृत्या पूर्ण करावयाच्या व मग संहिता लिहावयाची, ही रीत त्यानंतर मागे पडत गेली. संहिता रोज बदलते व आकृती तशीच राहते. काही महिन्यांनी ती आकृती दिशाभूल करू लागते, हा आक्षेप खोडून काढणे कठीण होते.

इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठाच्या मेरियन पेट्रे यांनी ५० व्यावसायिक आज्ञावलीकारांच्या मुलाखती घेऊन २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ३५ जण यूएमएलचा मुळीच वापर करीत नव्हते. ११ जण तिच्यातील निवडक भागच, तोही सोयीप्रमाणे, वापरीत होते. मायक्रोसॉफ्टनेही व्हिज्युअल स्टुडिओ या साधनसंचाच्या २०१७ च्या आवृत्तीतून यूएमएल आकृत्यांची सोय काढून टाकली. यावरून वर्गाकृतीचा काळ संपला असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. फळ्यावर खडूने अगर कागदावर पेन्सिलीने काढलेल्या चार-पाच चौकटी व त्यांना जोडणाऱ्या रेषा, हे तिचे मूळ रूप टिकून राहिले. प्लँटयूएमएल (२००९) व मर्मेड (२०१४) यांसारख्या साधनांत थोडक्या ओळींचा मजकूर लिहिला असता आकृती आपोआप तयार होते. असा मजकूर संहितेच्या शेजारीच ठेवता येत असल्याने आकृती शिळी होण्याचा धोकाही काही प्रमाणात कमी झाला आहे.

मूल्यमापन : आकृतीने संहितेची जागा घ्यावी, ही अपेक्षा बव्हंशी फोल ठरली. आकृती हे संहिता लिहिण्यापूर्वी करावयाच्या विचारविनिमयाचे साधन आहे, ही भूमिका मात्र काळाच्या कसोटीस उतरली. तिचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. रेषेच्या टोकाशी ‘१’ लिहावयाचे की ‘०..१’, हा निर्णय कागदावर क्षुल्लक दिसतो. संहितेत उतरल्यावर तोच नियम बनतो. व्यक्तीच्या वर्गात आडनाव हा गुणधर्म अनिवार्य ठरविला, तर ज्यांच्या समाजात आडनावाची प्रथा नाही अशा माणसाची नोंदच होऊ शकत नाही, किंवा त्याला न वापरलेले आडनाव लावून घ्यावे लागते. प्रत्येक व्यक्तीस नेमका एकच पत्ता असतो असे गृहीत धरले, तर वर्षाचा काही काळ गावी व काही काळ कामाच्या ठिकाणी राहणारा मजूर दोन्हीकडे परका ठरतो. खिडकीपलीकडचा कर्मचारी अशा वेळी ‘संगणक घेत नाही’ असे सांगतो. वस्तुतः हा संगणकाचा दोष नसून कोणीतरी पूर्वी काढलेल्या, किंवा न काढताच मनात धरलेल्या, एका रेषेचा असतो.

असे निर्णय संहितेत दडलेले असतात तेव्हा त्यांना हरकत घेणे केवळ आज्ञावलीकारास शक्य असते. तेच चौकटी व रेषा यांच्या रूपाने समोर मांडले, तर ग्रंथपाल, कारकून, परिचारिका वा कामगार यांनाही ‘आमच्याकडे असे नसते’ असे वेळीच सांगता येते. वर्गाकृती वाचण्यासाठी लागणारे शिक्षण फार तर तासाभराचे आहे. न्यूगॉर यांनी कामगारांसाठी धरलेला आग्रह त्या मर्यादेत तिच्यामुळे साध्य होऊ शकतो. चौकटींत लिहिलेली नावे त्या त्या व्यवहारातील माणसांच्या नित्याच्या बोलण्यातील असणे आणि आकृती एका पानावर मावण्याइतकी लहान ठेवणे, या दोन गोष्टी सांभाळल्या तरच मात्र हे प्रयोजन सफल होते. यूएमएलच्या वाढीच्या काळात नेमके याकडेच दुर्लक्ष झाले होते.